"आढळले नाही" म्हणजे "शोधले नाही"



पाण्याच्या रिपोर्टवरचा "पिण्यास योग्य" हा शिक्का आणि अन्न तपासणीच्या कागदावरचे "आढळले नाही" हे शब्द, या दोघांविरुद्ध आजची नोंद आहे. लांब आहे. मोटार चालू करून बांधावर बसाल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

आपल्या भागातल्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरत असतात. एक म्हणतो, नवापूरची अंडी म्हणजे औषधांचं विष, खाऊ नका. दुसरा लगेच उत्तर देतो, सगळं तपासलेलं आहे, अफवा पसरवू नका. मी दोघांनाही एकच विचारतो: आकडा कुठाय? कशात मोजला, कोणतं औषध मोजलं, किती कमी असेल तर तुमच्या यंत्राला दिसत नाही? उत्तर येत नाही. मग एकाची भीती नि दुसऱ्याची खात्री, दोन्ही हवेतल्याच.

माझ्या विहिरीचा रिपोर्ट समोर आहे. पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह, गढूळपणा आणि शेवटी जंतू. खाली शिक्का, पिण्यास योग्य. या विहिरीच्या वरच्या अंगाला पोल्ट्रीचे शेड आहेत, माझ्याच शेतात दरवर्षी कोंबडीखत पडतं, गोठ्यात म्हशींना इंजेक्शनं होतात. त्यातल्या एकाही औषधाचं नाव त्या कागदावर नाही. प्रयोगशाळेनं लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्यांनी यादीप्रमाणे काम केलं. आपल्या देशाचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००. २०१२ च्या त्या मानकात जड धातू आहेत, कीटकनाशकं आहेत, पण अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक औषधांची मर्यादा नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायांना शिकवून जे किट दिलं, त्यातही ते नाही, असू शकतही नाही. म्हणजे तो शिक्का खोटा नाही, अपुरा आहे. आणि अपुरा शिक्का पूर्ण म्हणून दाखवला की त्याचं काम खोट्यासारखंच होतं.

यादीत नसलेली वस्तू कशी गायब राहते, हे नाशिकच्या द्राक्षवाल्यांना विचारा. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली. कारण होतं क्लोरमेक्वॅट क्लोराईड, म्हणजे बागाईतदार ज्याला सीसीसी किंवा लिहोसीन म्हणतात ते. फवारणी उघडपणे होत होती, सगळ्यांना माहीत होती. पण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नाव नव्हतं. म्हणून इथले रिपोर्ट स्वच्छ आले, माल जहाजात चढला, आणि तिकडच्या प्रयोगशाळेनं ते नाव शोधल्याबरोबर सापडलं. इथे "आढळले नाही" नव्हतंच, इथे "शोधले नाही" होतं. नुकसान कुणाचं झालं? बागाईतदाराचं.

त्यानंतर सीसीसी यादीत आलं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या प्लॉटची आज नोंदणी होते, काढणीआधी नमुना घेतला जातो, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या सगळ्या व्यवस्थेवर लक्ष ठेवते. चांगलंच आहे. म्हणजे यंत्र महाराष्ट्रात आहे, ते चालवणारी माणसं महाराष्ट्रात आहेत, पद्धत माहीत आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या तोंडात जाणाऱ्या घडासाठी जे होतं, ते आपल्या आश्रमशाळेच्या बोअरसाठी होत नाही. इथे विज्ञान कमी पडत नाही, कुणाच्या तोंडाची किंमत किती धरली ते दिसतं.

आता मोजतात कसं ते सांगतो, कारण हे कळल्याशिवाय मागणी करता येत नाही.

विहिरीच्या पाण्यात औषध असलंच तर ते लिटरला मायक्रोग्रॅमच्या हिशोबात, कित्येकदा त्याच्याही हजाराव्या भागात असतं. ते थेट यंत्रात टाकून दिसत नाही. आधी पाणी गाळतात. मग ते एका छोट्या नळीतून हळूहळू सोडतात. त्या नळीत बारीक मण्यांचा थर असतो, औषधाचे रेणू त्याला चिकटतात आणि पाणी पुढे निघून जातं. मग थर धुऊन घेतात आणि मिथेनॉलसारख्या द्रावकाचे थोडे थेंब सोडून चिकटलेलं औषध सोडवून घेतात. ते वाळवून पुन्हा अर्ध्या मिलीत विरघळवलं, तर अर्ध्या लिटरमधलं औषध अर्ध्या मिलीत आलं. हजार पट घट्ट झालं. मग ते यंत्रात जातं. यंत्राचा पहिला भाग मिसळलेली रसायनं वेगवेगळी करतो, दुसरा प्रत्येक रेणूचं वजन बघतो, त्याचे तुकडे करतो आणि तुकड्यांचंही वजन बघतो. वजन आणि तुकडे दोन्ही जुळले तरच नाव पक्कं. याला एलसी-एमएस-एमएस म्हणतात. यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते.

यात दोन जागा अशा आहेत जिथे आपण शेतकऱ्यांनी बोट ठेवायला हवं.

पहिली म्हणजे, काढताना किती हाती लागलं? प्रयोगशाळा नमुन्यात मुद्दाम ठरावीक औषध मिसळते आणि शेवटी त्यातलं किती परत मिळालं ते बघते. आपण सोयाबीनचे शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो ना, अगदी तसंच. शंभरातले तीसच उगवत असतील तर ते बियाणं पेरून "रान नापीक आहे" म्हणायचं का? तशीच मिसळलेल्यातलं तीस टक्केच परत येत असेल, तर त्या पद्धतीनं दिलेला "आढळले नाही" काय कामाचा?

दुसरी म्हणजे, किती कमी असेल तोवर दिसतं? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बायकोची अंगठी ठेवा. काटा शून्य दाखवेल. म्हणून अंगठी नाही असं कुणी म्हणेल? सोनाराच्या काट्यावर ठेवा. म्हणून रिपोर्टवर नुसतं "आढळले नाही" नको. "अमुक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आढळले नाही" असं लिहिलेलं हवं. तो आकडा नसेल तर रिपोर्ट परत करा.

आणि तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, नमुना कशाचा? इथे भले भले फसतात.

ऑक्सिटेट्रासायक्लिन घ्या, गोठ्यात आणि पोल्ट्रीत दोन्हीकडे जुनं ओळखीचं औषध. कोंबडीला दिलेल्या टेट्रासायक्लिनचा बराचसा भाग न बदलता विष्ठेतून बाहेर येतो. खत शेतात गेलं की ते आपल्या काळ्या चिकण मातीला घट्ट धरून बसतं. कॅल्शियमशीही त्याची जोडी जमते, म्हणूनच डॉक्टर ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात. म्हणजे विहिरीचं पाणी तपासलं तर काही नाही, आणि बांधाच्या आतली माती तपासली तर आहे, असं होऊ शकतं. माती किंवा दुधातून ते सोडवायला प्रयोगशाळेला आधी त्या कॅल्शियमची पकड सोडवणारं रसायन घालावं लागतं. ते न घालता केलेली तपासणी म्हणजे उगवण चाचणीत पाणीच न घालणं. उलट सल्फा गटातली औषधं मातीला कमी चिकटतात आणि पाण्याबरोबर पुढे सरकतात. त्यांना विहिरीतच शोधायला हवं. एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग जनावराच्या अंगात सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणून दोन्ही नावं शोधावी लागतात.

नायट्रोफ्युरानची गोष्ट तर वेगळीच. मूळ औषध अंगात फार लवकर नाहीसं होतं. त्याचे तुकडे मात्र प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात. ते शोधायला नमुना आम्लात रात्रभर ठेवून तुकडे सोडवावे लागतात, मग त्यांना दुसरा रेणू जोडून यंत्रात दिसण्याजोगं करावं लागतं. मूळ औषध शोधाल तर काहीच मिळणार नाही, अगदी प्रामाणिकपणे "आढळले नाही" लिहाल आणि तरी चुकाल. याची दुसरी बाजूही सांगतो. त्यातला सेमिकार्बाझाईड नावाचा तुकडा नायट्रोफ्युरान न देताही दुसऱ्या वाटांनी अन्नात येऊ शकतो. म्हणून तेवढ्या एका तुकड्यावरून पोल्ट्रीवाल्याला फासावर चढवणंही चूक.

अंड्याचंही असंच. पिवळा बलक एका दिवसात होत नाही, अंडं घालायच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत तो भराभर वाढतो. त्या काळात दिलेलं औषध बलकात साठतं आणि औषध थांबल्यावरही काही दिवस अंड्यातून येत राहतं. आज औषध बंद केलं आणि उद्याची अंडी ट्रेमध्ये भरली, तर तपासणीत काय येईल ते वेगळं सांगायला नको.

दुधाचं आपल्या बायांना प्रयोगशाळेआधी कळतं. कास सुजलेल्या म्हशीला इंजेक्शन झालं आणि तेच दूध विरजलं तर दही लागत नाही. विरजणातले जिवाणूच मेलेले असतात. पण दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ, असं मात्र नाही. विरजण मरायला जेवढं लागतं त्यापेक्षा कमी औषधही दुधात असू शकतं. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं देशभरात दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यातल्या ७७ मध्ये अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. म्हणजे शंभरात एखाद-दुसरा. आकडा मोठा नाही, आणि तो जाहीर केला हे बरंच केलं. पण ते नमुने पन्नास हजारांवर लोकवस्तीच्या शहरांतले. आमचं नवापूर त्या मापात बसत नाही, पाडे तर सोडाच.

आता पहिला आक्षेप. "अहो, एवढंसं असतं, त्यानं काय होतंय?"

गिधाडांचं काय झालं ते बघा. नव्वदच्या दशकात आपल्या देशातली गिधाडं संपत चालली. कुणी विषाणू म्हणालं, कुणी कीटकनाशक, वर्षानुवर्षं वाद. २००४ साली पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडातून नमुने काढून मोजले. ज्यांच्या अंगात युरिक आम्लाचा पांढरा थर साचला होता त्या सगळ्यांत डायक्लोफेनॅक मिळालं, ज्यांच्यात थर नव्हता त्यांच्यात मिळालं नाही. वाद मिटला. ढोरांच्या दुखण्यावरचं साधं औषध, मेलेल्या ढोरातून गिधाडात. मग भारतात १,८०० हून जास्त मेलेल्या जनावरांची यकृतं तपासली, सुमारे १० टक्क्यांत ते निघालं. आणि हिशोब काय होता माहीत आहे? शंभरातलं एक मेलेलं ढोर जरी घातक प्रमाणात औषधाचं असलं, तरी गिधाडं संपायला पुरे. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झालं. पुढे कळलं की असेक्लोफेनॅक गायीच्या अंगात डायक्लोफेनॅकच होतं, ते आणि केटोप्रोफेन बंद व्हायला २०२३ उजाडलं. मोजलं म्हणून कळलं. न मोजता भांडत बसलो असतो तर शेवटचं गिधाड गेल्यावरही भांडत असतो.

अँटिबायोटिकचं "एवढंसं" किती असतं, तोही हिशोब करू. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी शास्त्रज्ञांनी एक मर्यादा सुचवली आहे, लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम. त्याच्या वर गेलं की औषधाला न जुमानणारे जंतू निवडून वाढायचा धोका. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्या मर्यादेत बसवायला किती पाणी लागेल? ७८ लाख लिटर. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं आपलं शेततळं साधारण २२ लाख लिटरचं. म्हणजे एका गोळीला साडेतीन शेततळी. आणि हैदराबादजवळ पाटणचेरूला, जिथे नव्वदच्या आसपास औषध कारखान्यांचं सांडपाणी एका प्रक्रिया केंद्रात येत होतं, तिथे प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यात २००७ च्या अभ्यासात लिटरला ३१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन मोजलं गेलं. त्या मर्यादेच्या जवळजवळ पाच लाख पट. नंदुरबारात असे कारखाने नाहीत, उगाच ताणायचं नाही. पण पाटणचेरू सांगतं ते एवढंच, की प्रक्रिया केंद्र आहे म्हणजे औषध गेलं, असं मोजल्याशिवाय म्हणता येत नाही.

सरकारला हे कळत नाही असं नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणतं अँटिबायोटिक किती असावं याचा मसुदा काढला, शंभराहून जास्त औषधांची यादी होती. २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा ती यादी त्यात नव्हती. यादीतून नाव गेलं की वस्तू गायब. पुन्हा तेच.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा. "भाऊ, कशाला मोजायला लावता, धंदा बसेल."

मंडळी, धंदा मोजल्यामुळे बसत नाही. १८ फेब्रुवारी २००६ आठवा. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात जाहीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१ ओळखला, लाखो कोंबड्या मारल्या, पुरल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच. पण २००६ ला माणसांचेही नमुने तपासले गेले आणि माणसाला लागण सापडली नाही, हे मोजूनच सांगता आलं. त्याच्या उलट २०२० चा मार्च. कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली, मोजणी नाही, आकडा नाही, आणि महाराष्ट्रभर कोंबडी कवडीमोल झाली. लोकांनी जिवंत पक्षी फुकट वाटले. अफवेला तपासणीची गरज नसते, तिला फक्त आकडा नसलेली जागा लागते. उद्या कुणी एका अंड्याचा व्हिडिओ टाकला तर नवापूरचा पोल्ट्रीवाला काय दाखवणार? पिण्यास योग्यचा शिक्का?

आणि आपलीही एक बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. प्रयोगशाळा हजार औषधं शोधू शकत नाही, तिला विचारावं लागतं की तुमच्याकडे काय वापरतात. ते आपण सांगत नाही. पोल्ट्रीवाला खाद्याबरोबर काय येतं ते बघत नाही, गोठेवाला इंजेक्शनची बाटली उकिरड्यावर फेकतो, दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात चालत होतं, ते जुलै २०१९ मध्ये बंद करावं लागलं. आपल्या वह्या कोऱ्या असतील तर त्यांची यादीही कोरीच राहणार.

शिवाय हे औषध आपल्या हद्दीत थांबत नाही. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, आणि रंगावलीचं पाणीही पुढे उकाईकडेच जातं. खत आपलं, पाणी खालच्याचं.

म्हणून नुसता राग नको. ग्रामसभेत ठराव मांडा. आपला तालुका पेसाचा, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. मसुदा देतो, कॉपी करा, आपल्या गावाचं नाव घाला.

"ही ग्रामसभा जिल्हा परिषद पाणीपुरवठा विभाग, पशुसंवर्धन विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांच्याकडे मागणी करते की:

१. गावाच्या पिण्याच्या पाण्याचे स्रोत, पोल्ट्रीलगतची एक विहीर, कोंबडीखत टाकलेल्या एका शेताची माती, खत, अंडी आणि दूध यांची औषधांच्या अवशेषांसाठी वर्षातून दोनदा तपासणी व्हावी. एकदा पहिल्या पावसानंतर, एकदा उन्हाळ्यात.

२. कोणती औषधे शोधायची ती यादी गावात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या औषधांवरून ठरावी.

३. नमुने ग्रामसभेच्या प्रतिनिधीसमोर, गडद रंगाच्या बाटलीत घ्यावेत, बर्फात न्यावेत, सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली तुलनेसाठी असावी.

४. अहवालात प्रत्येक औषधापुढे किमान किती मोजता येते आणि मिसळलेल्यातले किती परत मिळाले, हे दोन आकडे लिहिलेले असावेत.

५. अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. निकाल काहीही आला तरी पहिल्या वर्षी कुणाही पशुपालकावर कारवाई न करता उपचार थांबवल्यापासून विक्रीपर्यंतचे दिवस पाळण्याबाबत मार्गदर्शन व्हावे."

पाचवा मुद्दा काढू नका. तो नसेल तर कुणी नमुना देणार नाही.

ठराव पोचायला वेळ लागेल. तोवर तीन कामं आपल्या हातातली. औषधाची वही ठेवा, तारीख, जनावर, नाव, मात्रा, शेवटचा डोस. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस दूध-अंडी विकू नका, आणि त्यांनी सांगितलं नाही तर आपण विचारा. कोंबडीखत ओलं-कच्चं शेतात टाकू नका. ढीग लावून, पाणी मारून, पलट्या देऊन चांगलं तापू द्या. टेट्रासायक्लिनसारखी औषधं त्यात बरीच कमी होतात. सगळी जात नाहीत, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली चिवट असतात, पण कच्च्यापेक्षा कितीतरी बरं.

पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला. ज्यांच्या गावात ठराव होईल त्यांनी खाली फक्त गावाचं नाव लिहा. आणि ज्यांना वाटतं की सगळं तपासलेलं आहे, त्यांनी रिपोर्टचा फोटो टाका. औषधाचं नाव आणि आकडा दिसेल असा.